आधी छत, मग टन

पत्र: आमची बेडरूम सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, वर उघडी गच्ची. खोली १२ बाय १५ फूट, उंची १० फूट. १५ फुटांची भिंत पश्चिमेला असून तिला ५ बाय ४ फुटांची खिडकी आहे. १२ फुटांची दक्षिणेची भिंतही बाहेरची. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश होतं, पावसाळा दमट असतो आणि हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. एक विक्रेता म्हणतो, ‘दोन टनच घ्या, मोठा लवकर थंड करतो.’ दुसरा दीड टन सांगतो. दोघांनीही फक्त चौरस फूट विचारले. शेजारच्या खोलीत जुना दोन टनी एसी आहे. पावसाळ्यात तो गार करतो खरा, पण अंथरूण ओलसर लागतं. असं का होतं? किती टनांचा घ्यावा? जास्त कार्यक्षम मशीनला जास्त पैसे मोजावेत का? आणि हिवाळ्यासाठी वेगळा हीटर घ्यावा, की थंड-गरम दोन्ही करणारा एसी?

उत्तर: ‘वर उघडी गच्ची’ एवढं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. दोन्ही विक्रेत्यांनी नेमकं तेच विचारलं नाही.

‘इतक्या चौरस फुटांना इतके टन’ हा हिशेब जमिनीचं क्षेत्रफळ धरतो. उष्णता मात्र छतातून, भिंतींतून, काचेतून आणि फटींतून येते. मधल्या मजल्यावरची, उत्तरेकडे तोंड असलेली १८० चौरस फुटांची खोली आणि तुमची १८० चौरस फुटांची खोली यांच्या गरजेत दुपटीचा फरक असू शकतो. त्यामुळे तुमच्या खोलीचा हिशेब वेगळा मांडायला हवा. त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही.

आधी टनाबद्दल. एसीचा टन हे वजन नाही, आणि मशीन किती वीज खातं याचंही ते माप नाही. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याचा वेग म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं जुनं इंग्रजी माप), म्हणजेच साधारण ३.५ किलोवॅट. दीड टन म्हणजे ५.३ किलोवॅट, दोन टन म्हणजे ७ किलोवॅट. कंपनीच्या माहितीपत्रकात टनांबरोबर किलोवॅटचा आकडा असतो. खरेदी करताना तोच बघा, कारण ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन मशीनची खरी क्षमता वेगवेगळी असू शकते.

आता खोली. भिंत, छत किंवा काच यांतून येणारी उष्णता म्हणजे क्षेत्रफळ गुणिले यू-मूल्य गुणिले तापमानातला फरक. एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट उष्णता आरपार जाते ते यू-मूल्य सांगतं. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेल्या ९ इंची विटांच्या भिंतीचं ते साधारण २.१ असतं, ६ इंची उघड्या काँक्रीट स्लॅबचं ३.२ च्या आसपास, एकेरी काचेचं ५.७ आणि दुहेरी काचेचं २.८.

तुमचं छत १६.७ चौरस मीटर आहे. बाहेर ४० आणि आत २५ अंश धरले तर हवेतला फरक १५ अंशांचा, पण स्लॅब हवेने तापत नाही, उन्हाने तापतो. करड्या सिमेंटचा पृष्ठभाग भर दुपारी आसपासच्या हवेपेक्षा ३० अंशांनीही जास्त गरम होतो. शिवाय काँक्रीट ती उष्णता धरून ठेवतं आणि संध्याकाळपासून खाली सोडत राहतं. हा उशीर लक्षात घेऊन फरक २५ अंशांचा धरू. १६.७ गुणिले ३.२ गुणिले २५ म्हणजे जवळपास १,३४० वॅट. ही तुमची सगळ्यात मोठी रक्कम.

बाकीच्या रकमा भराभर घेऊ. पश्चिमेची भिंत खिडकी वगळून १२ चौरस मीटर. तिच्यावर दुपारचं ऊन येतं म्हणून फरक १८ अंशांचा धरला, की ४५० वॅट होतात. दक्षिणेच्या भिंतीवर भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने ऊन तिरपं येतं, म्हणून तिचे २८०. काचेतून नुसत्या हवेच्या उष्णतेचे १६० वॅट येतात. त्याच काचेतून थेट उन्हाचे किती येतात ते वेगळं धरावं लागतं: पश्चिमेच्या साध्या काचेतून चौरस मीटरला ५०० वॅटपर्यंत ऊन आत येतं. तुमची काच १.८६ चौरस मीटर आहे, म्हणजे ९३० वॅट. आतून पडदा ओढला तर ६०० धरा. आजूबाजूच्या आणि खालच्या खोल्या ५ अंशांनी गरम असतील तर आतल्या भिंती आणि जमीन मिळून ४२० वॅट. फटींतून तासाला खोलीतली ७० टक्के हवा बदलते असं धरलं तर त्या हवेच्या उष्णतेचे १८० आणि तिच्यातल्या बाष्पाचे आणखी १४०. शांत बसलेल्या दोन माणसांचे, श्वास-घामाच्या ओलाव्यासकट, २४०. दिवे, पंखा आणि संगणकाचे २००.

बेरीज ४,०१० वॅट, म्हणजे ४ किलोवॅट. टनांत १.१५. काचेचा ताण दुपारी चार-पाचला शिगेला पोचतो आणि छताचा त्यानंतर, म्हणजे प्रत्यक्षात सगळ्या रकमा एकाच क्षणी येत नाहीत आणि ही बेरीज थोडी जास्तच आहे. तरी तीच पकडू. दुसरीकडे, मशीनची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४० च्या वर ती साधारण ५ ते १० टक्के घटते. म्हणजे दीड टनाचे ५.३ किलोवॅट ४.८ च्या आसपास येतात. ४ ला ४.८ पुरेसे आहेत आणि वर शिल्लकही राहते. खोली आज आहे तशी ठेवायची असेल तर उत्तर दीड टन. दोन टन कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पण आम्ही तुम्हाला खोली आहे तशी ठेवू नका, असंच सांगू.

छतावर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनचा, म्हणजे घट्ट फोमच्या फळ्यांचा, थर टाकला, तर छताचं यू-मूल्य ३.२ वरून ०.५ वर येतं. १,३४० वॅटचे २१० होतात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली केली तर पडद्यासकटचे ६०० वॅट २०० च्या खाली जातात. दोन्ही मिळून दीड किलोवॅट भार कमी होतो आणि खोलीची गरज ४ वरून २.५ किलोवॅटवर येते. मग एक टनाचं मशीन ४० अंशांतही पुरून उरतं.

हा थर कुठे टाकायचा, यावर थोडं थांबतो, कारण चुका इथेच होतात. तुमचा स्लॅब हा सुमारे ६ टन वजनाचा काँक्रीटचा ठोकळा आहे. तो एका अंशाने थंड करायला साधारण दीड किलोवॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणजे दीड टनी मशीनची पूर्ण ताकदीवरची १७-१८ मिनिटं निव्वळ स्लॅबच्या एका अंशापायी जातात. ‘एसी बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा तापते’ ही तक्रार त्यातूनच येते: हवा गार झालेली असते, डोक्यावरचा स्लॅब मात्र अजून तापलेलाच असतो. थर स्लॅबच्या वर टाकला तर स्लॅब मुळात तापतच नाही, एसी नसतानाही खोली सुसह्य राहते आणि स्लॅबचं रोजचं आकुंचन-प्रसरण कमी होऊन तडे कमी पडतात. थर खालून, म्हणजे छताच्या आतल्या बाजूने लावला तर स्लॅब तापत राहतो, पण खोलीपासून तुटतो. रोज फक्त काही तास एसी लावणाऱ्यांना त्यात खोली लवकर गार होण्याचा फायदा मिळतो. गच्ची तुमच्या ताब्यात असेल तर वरूनच करा.

वरून करताना क्रम असा: आधी गळती आणि तडे दुरुस्त करून वॉटरप्रूफिंग, त्यावर फोमच्या फळ्या सांधे एकमेकांना घट्ट भिडवून, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, आणि शेवटी उताराचा काँक्रीटचा थर किंवा फरशी. फोम उन्हात उघडा राहिला तर भुगा होतो आणि वाऱ्याने उडतो. फळ्यांमध्ये बोटभर फटी राहिल्या तर उष्णता तिथूनच वाट काढते. पाणी जाण्याचा उतार कायम राहिला पाहिजे, नाहीतर उन्हाळा सुटेल आणि पावसाळ्यात गळती गळ्यात पडेल. वाढणारं वजन स्लॅबला झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला आधी विचारा.

गच्चीवर एवढं काम शक्य नसेल तर दोन पर्याय आहेत. पांढरा परावर्तक थर लावला तर पृष्ठभाग हवेपेक्षा ३० ऐवजी १०-१५ अंशच जास्त तापतो. खर्च कमी, काम एका दिवसाचं. मात्र धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी धुवायला लागतो, आणि हिवाळ्यात त्याचा उपयोग नाही. दुसरा पर्याय जिप्सम बोर्डच्या फॉल्स सीलिंगचा. नुसत्या हवेच्या पोकळीनेही छताचा भार जवळपास निम्मा होतो. वर ५० मिलिमीटर खनिज लोकर घातली तर गच्चीवरच्या फोमच्या जवळपास जाता येतं. आतल्या बाजूला थर्माकोल उघडा लावू नका. तो पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो.

खिडकीचं म्हणाल तर पश्चिमेला छज्जा फारसा कामाचा नाही. मावळतीचा सूर्य खाली असतो, ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं. बाहेरून खाली सोडायचा पडदा, झडप किंवा उभ्या पट्ट्याच हव्यात. आतला पडदा ऊन अडवतो खरं, पण तोवर ते काच ओलांडून आत आलेलं असतं. तापलेल्या पडद्याची उष्णता मग एसीलाच बाहेर काढावी लागते.

आणखी एक गळती बिनखर्चात थांबते. बेडरूमला जोडलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा एसी चालू असताना चालू राहिला, तर तो तासाला २०० घनमीटर हवा बाहेर फेकू शकतो. तेवढीच ४० अंशांची हवा दाराखालून आणि खिडकीच्या फटींतून आत येते. हा एकटा भार १ किलोवॅटच्या जवळ जातो, म्हणजे दोन माणसांच्या चौपट. अंघोळीनंतर तो १०-१५ मिनिटं चालवा आणि बंद करा. दाराखाली ब्रश-पट्टी लावा. पण खोली डबाबंदही करू नका. रात्रभर दोन माणसं झोपतात, थोडी ताजी हवा हवीच.

आता ओलसर अंथरुणाकडे वळू. एसी हवा दोन तऱ्हांनी बदलतो: तापमान उतरवतो आणि ओलावा काढतो. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, १४ अंशांच्या आसपास असतो. एसीच्या आतल्या युनिटमधली गार नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, त्याहून थंड झाल्याशिवाय तिच्यावर पाणी धरत नाही, आणि पुरेसं पाणी धरून ते थेंबांनी निथळून ड्रेन पाइपमध्ये उतरायला आणखी काही मिनिटं जातात. पावसाळ्यात बाहेर २८ अंश असताना उष्णतेचा भार अगदी थोडा असतो आणि ओलाव्याचा भार मात्र मोठा. दोन टनी मशीन पाच-सहा मिनिटांत हवा २४ वर आणतं, थर्मोस्टॅटचं समाधान होतं आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. कॉइलवर जेमतेम धरलेलं पाणी अजून तिथेच असतं. पंखा चालू राहिला तर तेच पाणी तो पुन्हा खोलीत उडवतो. हवा गार पण दमट, म्हणून चादर ओलसर. तुम्ही मग आणखी थंडी वाजेपर्यंत तापमान खाली नेता, भिंती दवबिंदूखाली जातात आणि कपाटामागे बुरशी धरते.

हा जुना एसी बदलेपर्यंत पावसाळ्यात तो ड्राय मोडवर चालवा आणि पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवा. पंखा मंद असला की कॉइल जास्त थंड राहते आणि तिच्यावर जास्त पाणी धरतं. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखाही थांबेल अशी सोय असेल तर ती निवडा.

‘इन्व्हर्टर आहे, तो स्वतःच कमी-जास्त होतो, मोठा घेतला तर काय बिघडतं?’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो हे खरं, पण शून्यापर्यंत नाही. बऱ्याच मशीनची किमान क्षमता पूर्ण क्षमतेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी असते. म्हणजे दोन टनी इन्व्हर्टर १.७५ ते २.३ किलोवॅटच्या खाली उतरत नाही. छत सुधारल्यावर तुमच्या खोलीची रात्रीची गरज १ किलोवॅटच्या आसपास असेल. तो पुन्हा चालू-बंद करत बसेल, आणि इन्व्हर्टरसाठी मोजलेल्या पैशांचा फायदाच निघून जाईल. माहितीपत्रकात क्षमता ‘किमान – नाममात्र – कमाल’ अशी तीन आकड्यांत दिलेली असते. विक्रेता मधला आकडा सांगतो. तुम्ही पहिला विचारा, आणि समान क्षमतेच्या दोन मशीनमध्ये ज्याचं किमान कमी, ते घ्या. आमच्या मते कार्यक्षमतेच्या दशांशांपेक्षा या आकड्याने रात्रीची झोप जास्त सुधारते.

मोठं मशीन लवकर थंड करतं, हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांपुरतं खरं आहे. त्यानंतर सगळी गाठ त्या ६ टन काँक्रीटशी असते.

आता पैशांचा प्रश्न. कार्यक्षमता म्हणजे एक युनिट (किलोवॅट-तास) विजेत किती युनिट उष्णता बाहेर काढली. जुन्या पद्धतीचा ईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा म्हणजे बाहेर ३५ अंश असतानाच्या एकाच क्षणाचा आकडा असतो. हंगामी आकडा वेगवेगळ्या तापमानांना आणि अर्ध्या-पाव भारावर मशीन कसं चालतं याची सरासरी देतो. घरात मशीन बहुतेक वेळ अर्ध्या-पाव भारावरच चालतं, म्हणून हंगामी आकडाच बघा. दोन सावधगिऱ्या ठेवा. वेगवेगळ्या देशांची हंगामी पद्धत वेगळी असते, म्हणून एका देशाच्या लेबलवरचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडू नका. आणि काही ठिकाणी ईईआर बीटीयूमध्ये मांडतात. त्याला ३.४१ ने भागलं की वॅटला वॅटचा आकडा मिळतो. ११ वाचून हुरळू नका, तो ३.२ आहे.

तुमच्या खोलीला सरासरी २ किलोवॅट उष्णता काढावी लागते आणि वर्षाला १,२०० तास एसी चालतो असं धरू. म्हणजे २,४०० युनिट उष्णता. हंगामी आकडा ३.५ असलेलं मशीन त्यासाठी ६८५ युनिट वीज घेईल, ५ असलेलं ४८०. वर्षाला २०५ युनिटांची बचत. आता छत आणि खिडकी सुधारली, सरासरी भार १.२ किलोवॅटवर आला, उष्णता १,४४० युनिट झाली. साधं मशीन ४११ युनिट घेईल, चांगलं २८८. बचत १२३.

हे चार आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडून बघा. सुधारलेल्या खोलीतलं साधं मशीन, न सुधारलेल्या खोलीतल्या सगळ्यात महाग मशीनपेक्षा कमी वीज खातं. शिवाय मशीन दहा-बारा वर्षांनी बदलावं लागतं आणि छतावरचा थर नीट घातला तर त्यापुढेही टिकतो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी छतावर घाला. उरलेल्या पैशांत कार्यक्षमता घ्यावी की नाही, याचा हिशेब सोपा आहे: वर्षाला वाचणारी युनिटं गुणिले तुमचा वीजदर म्हणजे वर्षाची बचत, आणि दोन मशीनच्या किमतीतल्या फरकाला त्या बचतीने भागायचं. उत्तर सहा-सात वर्षांच्या आत आलं तर वरचं मशीन घ्या. वापर वर्षाला ३००-४०० तासांचाच असेल तर बहुधा येणार नाही, आणि मधलं मशीन घेण्यात काही कमीपणा नाही.

वीज वाचवणारी एक गोष्ट तर घरातच आहे: छताचा पंखा. अंगावर मंद वारा असला की २६-२७ अंश २४ इतकेच सुखाचे वाटतात. बाहेर ३६ असताना आतलं तापमान २४ वरून २६ केलं, तर फरक १२ वरून १० अंशांवर येतो. म्हणजे भिंतींतून आणि फटींतून हवेच्या फरकामुळे येणाऱ्या उष्णतेचा सहावा हिस्सा तिथेच वाचला.

हिवाळा. आत २० आणि बाहेर ५ धरून तीच बेरीज उलट्या दिशेने केली तर तुमची खोली आज २.३ किलोवॅट उष्णता गमावते. त्यातले ८०० वॅट एकट्या छतातून जातात. २ किलोवॅटचा हीटर म्हणजे पहाटे कमीच पडणार. छत सुधारल्यावर गरज १.६ किलोवॅट राहते. म्हणजे एकाच थराने उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही हलके होतात. पांढऱ्या रंगाला हे जमत नाही.

हीटर कॉइलचा असो, तेलाचा असो की पंख्याचा, एक युनिट विजेत तो एकच युनिट उष्णता देतो. तेलाचा हीटर वीज वाचवतो, हा गैरसमज आहे. तो फक्त हळू तापतो आणि हळू निवतो. थंड-गरम एसी, म्हणजेच हीट पंप, बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता उपसून आत आणतो. बाहेर ५ ते ७ अंश असताना तो एका युनिटात साधारण ३ युनिट उष्णता देतो. १.६ किलोवॅटसाठी त्याला अर्धा-पाऊण किलोवॅट वीज लागेल. तुमच्या हवेत त्याचीच निवड शहाणपणाची. एसी घेणारच आहात, तर वेगळ्या हीटरचं काम उरत नाही.

हीट पंप घेताना दोन गोष्टी तपासा. छापील गरम करण्याची क्षमता बाहेर ७ अंश असताना मोजलेली असते. तुमच्या सगळ्यात थंड पहाटेच्या तापमानाला ती किती राहते, हे कंपनीच्या तक्त्यात शोधा. शून्य ते पाच अंशांच्या दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं आणि ते वितळवायला मशीन अधूनमधून काही मिनिटं गरम हवा थांबवतं. हा बिघाड नव्हे, पण बाहेरच्या युनिटखाली पाणी ठिबकेल, त्याची वाट आधी काढून ठेवा. गरम हवा वर चढते, म्हणून हिवाळ्यात एसीच्या पात्या पूर्ण खाली वळवा, नाहीतर छत तापेल आणि पाय गारठतील.

जिथे हिवाळा शून्याखाली जातो त्या वाचकांसाठी: तिथे मशीनचा आकार उन्हाळ्यावरून ठरवू नका, हिवाळ्याच्या भारावरून ठरवा. उणे ७ अंशांना बऱ्याच हीट पंपांचा आकडा २ ते २.५ पर्यंत उतरतो आणि क्षमताही घटते. आणि धुराडं नसलेली गॅसची किंवा रॉकेलची शेगडी झोपायच्या खोलीत कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी बसवणं. नेमकं मोजून घेतलेलं मशीन वाईट बसवलं तर सगळं वाया जातं. बाहेरचं युनिट बंदिस्त डक्टमध्ये किंवा जाळीदार झडपेमागे टाकलं, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. बाहेर ४० असताना त्याच्या भोवती ५० होतात, क्षमता उतरते, वीज वाढते आणि भर दुपारी कॉम्प्रेसर बंद पडतो. त्याच्यावर थोडं ऊन पडलं तर तेवढं बिघडत नाही, पण हवा मोकळी हवी: मागे निदान वीतभर, पुढे निदान मीटरभर जागा सोडा.

तांब्याच्या दोन्ही पाइपांवर स्वतंत्र आवरण हवं. स्प्लिट एसीत थंड करताना बारीक पाइपही गार असतो, त्यामुळे तो उघडा राहिला तर घाम येऊन भिंत ओली होते. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपानेच काढायला लावा, गेजवर ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप आहे) खाली, आणि पंप बंद केल्यावर काटा दहा मिनिटं तिथेच टिकला पाहिजे. युनिटमधला थोडा गॅस सोडून हवा ढकलणं ही चालत आलेली पद्धत आहे. तीत ओलावा आत राहतो, तेल आम्लधर्मी होतं आणि काही वर्षांत कॉम्प्रेसर जातो. शिवाय गॅस कमी होतो तो वेगळाच. हल्लीच्या बऱ्याच मशीनमधला आर-३२ हा गॅस मंद ज्वलनशील आहे, त्यामुळे बंद जागेत तो सोडणं धोक्याचंही आहे. ड्रेन पाइपला मीटरमागे निदान १ सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये कुठे झोळ नको.

कारागीर निघण्यापूर्वी एक साधी चाचणी करा. मशीन सगळ्यात कमी तापमानावर, पूर्ण पंख्यावर पंधरा मिनिटं चालू द्या. मग एका थर्मामीटरने आतल्या युनिटमध्ये ओढल्या जाणाऱ्या आणि त्यातून खोलीत फेकल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंश यायला हवा. फार दमट दिवशी तो थोडा कमी दिसेल, कारण ताकद पाणी काढण्यात जाते. ५-६ वर अडला तर गॅस, सांधे किंवा बाहेरच्या युनिटची हवा यांपैकी काहीतरी चुकलंय. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि कारण सापडेपर्यंत कामाच्या कागदावर सही करू नका.